धर्मानंद कोसंबी : खंड पडला तरी न सुटलेला ध्यास



आषाढ पौर्णिमा झाली की आपल्या विहारांत वर्षावास सुरू होतो. भोर-वेल्ह्याकडच्या खेड्यांत त्या वेळी पाऊस मातलेला असतो. खाचरात भाताची आवणी चाललेली असते. दिवसभर चिखलात वाकलेली माणसे संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात येतात आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन ऐकतात. पहिल्या आठवड्यात विहार भरलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात निम्मी माणसे उरतात. भाद्रपदात वाचणारा एक आणि ऐकणारे चार, अशी स्थिती होते.

हे विहाराचे झाले. घरातही तेच घडते. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात बाई ठरवते की आपण लिहायला-वाचायला शिकायचे. मुलगा ठरवतो की नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा. बाप ठरवतो की पाली वंदना नुसती पाठ म्हणायची नाही, तिचा अर्थही समजून घ्यायचा. सुरुवात जोरात होते. मग आजारपण येते, कर्ज येते, पोटासाठी पुण्या-मुंबईला जावे लागते, आणि ठरवलेले तसेच राहते. पुढे माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. आपल्यात जिद्दच नाही, अशी त्याची समजूत होते.

तुमच्या मनात असे आले असेल, तर आज ज्यांची हकिगत सांगायची आहे, ते आचार्य धर्मानंद कोसंबी तुम्हांला जवळचे वाटतील. महाराष्ट्रात पाली भाषेचा अभ्यास रुजवणारा आणि भगवान बुद्धाचे चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवणारा हा माणूस. लोक त्यांना मोठे पंडित म्हणून ओळखतात. पण त्यांची वाट सरळ नव्हती. ती तुटली, वळली, कैकदा मागे फिरली. तरीही ते मुक्कामाला पोहोचले. कसे पोहोचले, ते पाहू.

सांकवाळचा मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या खेड्यात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे, पण श्रीमंती नव्हती. नारळाची बागायत होती आणि ती सांभाळण्यातच दिवस जात. प्रकृती लहानपणापासून नाजूक. शाळा धड झाली नाही. रीतीप्रमाणे लहान वयात लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

शिकण्याची भूक मात्र जबर होती. मिळेल ते मराठी पुस्तक ते वाचीत. मन खचले की तुकोबांचा गाथा उघडीत. अशातच १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे मासिक त्यांच्या हाती आले. त्यात भगवान बुद्धावर एक छोटासा लेख होता. मुलांसाठी लिहिलेला, दोन घटकांत वाचून होणारा. तेवढ्या लेखाने या तरुणाच्या आयुष्याला दिशा दिली. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, आणि तो आपल्या मराठी माणसांना समजावून सांगायचा, हे त्यांनी ठरवले.

ठरवले, पण लगेच निघता आले का? नाही. घर सोडण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. वडील १८९८ साली वारले, घरचा भार वाढला. ध्येय मनात पक्के आणि पाय मात्र बागेतल्या मातीत रुतलेले, अशी दोन वर्षे गेली. अखेर १८९९ च्या शेवटी ते निघाले. घरी नुकतीच मुलगी झाली होती. तिचे नाव माणिक.

इथे थोडे थांबा. तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी मागे ठेवून जाणे ही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. त्या ध्येयाची किंमत बाळाबाईंनीही मोजली, आणि कोणी न विचारता त्यांच्याकडून ती घेतली गेली. पुढे धर्मानंदांनी आपले आत्मकथन ‘निवेदन’ या नावाने १९२४ साली प्रसिद्ध केले. घर सोडण्यातली मनाची ओढाताण त्यात त्यांनी लपवली नाही. म्हणून हे चरित्र वाचताना एवढे ध्यानात ठेवा : आपल्या ध्यासाचा भार घरातल्या कोणाच्या खांद्यावर पडतो, ते आधी पाहावे आणि त्या माणसाला विचारावे.

पुणे, काशी आणि नेपाळची निराशा

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या अनोळखी तरुणाला आधार दिला. बुद्धाचे मूळ ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत हवे, असे धर्मानंदांच्या मनाने घेतले होते. म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. जवळ पैसा नाही. अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबोवांकडे व्याकरण घोकायचे. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, उत्तरेतली थंडी हाडांत शिरणारी. अशा स्थितीत त्यांनी जवळजवळ दोन वर्षे काढली.

वाचकहो, आणखी एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. काशीची ती अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. आपले आजे-पणजे तिथे गेले असते तर त्यांना दाराशीही उभे केले नसते. संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्र्याने त्यांची सावली घेतली नसती. धर्मानंदांनी सोसलेले हाल खरे होते, पण त्यांना जे दार ठोठावता आले ते आपल्या माणसांना ठोठावताही येत नव्हते. हा फरक विसरून कोणाचे चरित्र वाचू नये. तो फरक लक्षात घेऊनही त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ उरते.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म त्या बाजूचा, तेव्हा धम्म तिथे जिवंत सापडेल अशी आशा होती. तिथे पाहिले ते निराळेच. जातिभेद, पशूंचे बळी, आणि बुद्धाच्या शिकवणुकीची ओळखही पुसट झालेली. इतकी वर्षे ज्यासाठी घालवली ते कुठे शिल्लकच नाही की काय, असे वाटून त्यांचे मन खचले.

तोरण्याला वेल्ह्याकडून चढणाऱ्याला हा अनुभव ठाऊक असेल. खालून जो माथा दिसतो तो गाठावा, तर पुढे आणखी एक चढ उभा असतो. तिथे माणूस बसतो. बसणे चूक नाही. त्या जागेवरून पुढची वाट कुणाला तरी विचारायची, की उतरायला लागायचे, एवढाच प्रश्न असतो. धर्मानंद बुद्धगयेला गेले आणि त्यांनी विचारले. तिथे त्यांना कळले की पाली ग्रंथांचा अभ्यास करायचा तर सिलोनला गेले पाहिजे. ज्या संस्कृतसाठी दोन वर्षे झिजवली, त्याच्या पुढे आता पाली नावाची आणखी एक भाषा उभी राहिली. ते कलकत्त्याला महाबोधी सभेत गेले आणि तिथून सिलोनला निघाले.

सिलोन, मद्रास, ब्रह्मदेश

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्य हे थोर पंडित होते. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी १९०२ साली श्रामणेर दीक्षा घेतली आणि ते पाली शिकू लागले. ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी ती लिपी शिकले. तिथले अन्न मानवेना, प्रकृती ढासळली. वर्षभराने सिलोन सोडावे लागले.

बाहेरून पाहणाऱ्याला हीसुद्धा हारच वाटली असती. धर्मानंद मद्रासला आले. तिथे त्यांची गाठ प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांच्याशी पडली. बौद्ध धम्माचे सार सांगणारा नरसूंचा इंग्रजी ग्रंथ १९०७ साली निघाला. १९४८ साली तो पुन्हा छापला गेला तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती बाबासाहेबांनी. पुढे धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. तिथे पूर्ण भिक्षू झाले, ब्रह्मी लिपी शिकले, विहारांत राहून ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात बुद्धाच्या पायधुळीने पावन झालेली स्थाने पायी हिंडून पाहिली. १९०६ साली ते कलकत्त्याला परतले, तेव्हा घर सोडून सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

या सहा-सात वर्षांचा हिशेब मांडून पाहा. पुण्यात राहायला गेले आणि राहिले नाहीत. काशीचा अभ्यास अर्ध्यावर. नेपाळात निराशा. सिलोनला आजार. कुठलीही एक गोष्ट धरली तर ती अपुरीच दिसते. पण त्या सर्व अपुऱ्या तुकड्यांतून एक माणूस घडला होता, जो पाली ग्रंथ देवनागरीत, सिंहलीत आणि ब्रह्मीत सारख्याच सहजतेने वाचू शकत होता.

पन्नास रुपयांचा निर्णय

कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरवले आणि पाली शिकवण्याचे काम पत्करले. गोव्याला जाऊन पत्नीला भेटले. संसार पुन्हा जुळू लागला. १९०७ साली मुलगा झाला, दामोदर. पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव मिळवणारे ते हेच डी. डी. कोसंबी.

कलकत्ता विद्यापीठात नोकरी होती, मान होता, पगार चांगला होता. पण मूळचा निश्चय होता तो मराठी माणसांसाठी काम करण्याचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहून अभ्यास करावा आणि पुस्तके लिहावीत. कलकत्त्याला मिळत होते त्याहून हे कितीतरी कमी होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले.

हा मोह ओळखायला शिका. अडचण माणसाला ध्येयापासून दूर नेते हे सर्वांना कळते. पण बऱ्यापैकी जम बसला की ध्येय आपोआप विसरते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. धर्मानंदांच्या ते ध्यानात आले. बडोद्याला त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली निघाले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे बुद्धचरित्र १९१४ साली आले. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली, आणि १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पंडित तयार झाले. घरची माणसेही आता पुण्यात एकत्र आली होती.

चाळीस वर्षांचा ग्रंथ

आता सर्वांत मोठ्या कामाची गोष्ट. आचार्य बुद्धघोषाने पाचव्या शतकात सिलोनमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा मार्ग सांगणारा हा प्रचंड ग्रंथ. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने त्याचे शुद्ध संपादन हाती घेतले होते. पण १८९९ साली, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी, वॉरन वारले. काम अपुरे पडून राहिले.

१९१० साली ते पुरे करण्यासाठी धर्मानंदांना हार्वर्डला बोलावण्यात आले. सांकवाळच्या बागेतला, शाळा धड न झालेला माणूस अमेरिकेतल्या विद्यापीठात जाऊन बसला. निरनिराळ्या देशांच्या प्रती पुढे घेऊन एकेक शब्द पडताळायचा, असे ते काम. दोन वर्षांनी, काम संपत आलेले असताना, प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला. ग्रंथावर धर्मानंदांच्या श्रमाचा उल्लेख कसा व्हावा, हा वादाचा मुद्दा होता. आपल्या श्रमाचे श्रेय सोडायला ते तयार झाले नाहीत. काम अपुरे ठेवून १९१२ साली परत आले.

स्वाभिमान राखला, म्हणून ध्येय टाकले असे झाले नाही. १९१८ साली पुन्हा बोलावणे आले, तेव्हा माणिक आणि दामोदर या मुलांना घेऊन ते गेले आणि १९२२ पर्यंत राहिले. १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा गेले. १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा गेले. मध्यंतरी अहमदाबादला गुजरात विद्यापीठात शिकवले, रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. देवनागरी लिपीतला त्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने छापला. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंद कोसंबींचेही नाव आहे. ते पाहायला मात्र धर्मानंद हयात नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचा देहान्त झाला होता.

१९१० ते १९५०. चाळीस वर्षांत चार वेळा समुद्र ओलांडला, आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षांचा खंड. म्हणूनच म्हणतो, खंड पडणे म्हणजे हार नव्हे. पुन्हा त्याच पानावर येऊन बसायचे नाही असे माणूस ठरवतो, त्या दिवशी हार होते.

हाच धडा परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बोटीने पाठवलेले पुस्तकांचे सामान युद्धात बुडाले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी. एस्सी. पदवी मिळाली. तीन वर्षांच्या खंडाने त्यांचे ध्येय मेले नाही, कारण त्या तीन वर्षांतही ते पुढच्या फेरीचीच तयारी करीत होते.

परळचा बहुजन विहार

धर्मानंदांच्या विद्वत्तेचा शेवट ग्रंथांच्या कपाटात झाला नाही, ही आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट. मुंबईत परळ हा गिरणगावाचा भाग. भोर-वेल्ह्याकडचीही किती तरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली, तिथल्या चाळींत राहिली. त्या परळमध्ये १९३७ साली धर्मानंदांनी बहुजन विहार सुरू केला. श्रमिकांना, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना धम्म कळावा, हा त्यामागचा हेतू. हार्वर्डला बसलेला पंडित कामगारांच्या वस्तीत राहायला आला.

१९४०-४१ मध्ये त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे चरित्र आले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा त्यांनी तपासली आणि नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातला शस्त्रांवर आलेला तंटा हे कारण त्यांनी पुढे ठेवले. वर्षावासात बाबासाहेबांचा ग्रंथ तुम्ही ऐकला असेल, तर रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा भाग तुमच्या ओळखीचा आहे. दोघांच्या मांडणीत फरक आहेत. पण चमत्काराऐवजी माणसांच्या जगण्यातले कारण शोधायचे, ही दृष्टी दोघांचीही होती.

तुमच्यासाठी

आता तुमच्याकडे वळतो. सोण नावाच्या भिक्षूची कथा त्रिपिटकात आहे. तो श्रीमंत घरचा, सुखात वाढलेला. दीक्षा घेतल्यावर त्याने इतके कठोर चंक्रमण केले की पायांतून रक्त आले. तरी हाती काही लागेना. मग त्याला वाटले, हे सोडून घरी जावे. भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर वीणा वाजत नाही, सैल सोडल्या तरी वाजत नाही. भीमगीते गाणाऱ्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सम्यक व्यायाम म्हणतात तो हाच. पहिल्या आठवड्यात रात्रभर जागणारा आणि चौथ्या आठवड्यात पुस्तक न उघडणारा, दोघेही एकच चूक करतात.

म्हणून काही गोष्टी करून पाहा. ध्येय मोठे असू द्या, पण उद्याचे काम लहान ठेवा. धर्मानंदांनी धम्म समजून घ्यायचे ठरवले, पण एका वेळी एकच लिपी शिकली. दिवसाला वंदनेची एक ओळ अर्थासकट समजली तर एका वर्षावासात किती होईल, ते मोजा. घरच्या माणसांना आपल्या ठरावात सामील करून घ्या. जी बाई अक्षरे गिरवायला बसते, तिची भाकरी त्या दिवशी दुसऱ्या कोणी थापली पाहिजे. नाही तर तिचा निश्चय मोडला याचा दोष तिचा नव्हे, घराचा आहे.

आवणीत, आजारात, लग्नसराईत खंड पडेल. तो पडणार हे धरूनच चाला, आणि पुन्हा कधी बसायचे तो दिवस आधीच ठरवून ठेवा. अडले तर विचारा. आणि जे शिकाल ते पुरते येण्याची वाट न पाहता शेजारच्याला सांगा. दुसऱ्याला सांगायचे असले की शिकणाराला बैठक मोडता येत नाही.

ज्यांनी या वर्षी विहारात पुस्तकाला खूण घालून ठेवली आणि पुन्हा उघडले नाही, त्यांनी ती खूण काढू नये. मुलांच्या मासिकातल्या एका लेखापासून धर्मानंदांची वाट सुरू झाली होती. तुमची खूण तर त्याहून बरीच पुढच्या पानावर आहे. येत्या पौर्णिमेला तिथूनच वाचायला बसा.

जयभीम.